आतलं अस्तर

धुवायला टाकलेला शर्ट मावशीनं बादलीतून पुन्हा बाहेर काढला, न्हाणीघराचं दार ओढून घेतलं आणि कॉलर नाकाशी धरली. खळीचा आंबूस वास, घामाचा वास, जुन्या कागदाचा वास. तिनं खिसा उलटा केला, बाह्या हुंगल्या. दुसरं काही नव्हतं. तरी तिचं समाधान झालं नाही. शर्ट पाण्यात बुडवून तिनं साबण लावला आणि नको तितका जोर लावून घासला.

बाहेर नवरा खुर्चीत बसून बूट काढत होता. एक काढून झाला होता. दुसऱ्याच्या नाडीला हात लावून तो तसाच थांबला होता, नाडी सोडायची की बांधायची हे विसरल्यासारखा. हात पुसत ती बाहेर आली तेव्हाही तो तसाच होता.

"काय झालं?"

"काही नाही. जरा दम खातोय."

त्याच्या शेजारच्या तिवईवर पाण्याचा पेला होता. मावशीनं तो वाकून उचलला. पेला भरलेला होता, उचलायचं काही कारण नव्हतं. तिचा चेहरा जवळ आला तसा त्यानं तोंड किंचित उघडून श्वास बाहेर सोडला, लांब आणि सावकाश, तिला हवा होता तसा. मग नाडी सोडली आणि तो आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला.

त्यानं दारू सोडली त्याला नऊ वर्षं झाली होती. एका मोठ्या वाचनालयाच्या तळघरात तो पुस्तकं बांधायचा. फाटकी पुस्तकं उसवायची, फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या, पुन्हा शिवायचे, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवून दाबात ठेवायचं. तिथं सगळे त्याला बाइंडर म्हणत. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी दाबाचं चाक फिरवता फिरवता त्याला रक्ताची उलटी झाली होती, घमेलंभर. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. मावशी ज्या इस्पितळात कामाला होती, आणि जिथं सगळे तिला मावशी म्हणत, तिथंच त्याला नेलं, शिरांना रबरी कड्या घालून रक्त थांबवलं. यकृत दगडासारखं निबर झालंय, डॉक्टरबाईंनी सांगितलं. ते परत मऊ व्हायचं नाही, पण आता एक थेंबही घेतला नाही तर आहे तेवढ्यावर बरीच वर्षं निघतील. त्यानंतर त्यानं ग्लासाला हात लावला नाही, असं तो सांगायचा. मावशीही लोकांना तसंच सांगायची.

पण सांगणं वेगळं आणि मानणं वेगळं. त्याच्याआधी सतरा वर्षं रोज संध्याकाळी दारात उभा राहून तो "आज नाही घेतली" म्हणत असे, आणि म्हणताना चौकट धरून असे. दुधानं तोंड पोळलेली बाई ती. नऊ वर्षं ताक फुंकत होती.

गेल्या सहा महिन्यांत तर फुंकायला कारणच मिळालं होतं. बाइंडर चालताना भिंतीच्या कडेकडेनं चालू लागला. वह्या-पेन्सिलींच्या दुकानाच्या पायरीवर तो एकदा कोसळला, तेव्हा दुकानदारीणबाईंनी मावशीला थांबवून सांगितलं, "तुमचे हे भर दुपारी..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. ते पुरं करण्याची गरज नव्हती. वाचनालयात त्यानं एका जाड ग्रंथाचे दोन फर्मे उलटे शिवले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ग्रंथपाल भला माणूस, चष्मा बदलून घ्या एवढंच म्हणाला. पण दाबाच्या लाकडावर डोकं टेकून तो झोपलेला सापडला, ही बातमी चष्म्याच्या बातमीआधीच घरी पोचली होती.

सगळ्यात वाईट झालं ते नातीच्या बाबतीत. लेकीचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. नातीची शाळा वाचनालयाला लागूनच. काम संपलं की बाइंडर तिला घेऊन यायचा. पाच वर्षांची ती पोर, घरात तिला चिमणी म्हणत. एका संध्याकाळी आजोबा रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसून राहिले आणि चिमणी त्यांची पिशवी धरून अर्धा तास शेजारी उभी होती, हे कुणीतरी लेकीला सांगितलं. लेकीनं बापाला काही विचारलं नाही. लहानपणी गुत्त्याच्या दारातून बापाचा हात धरून त्याला घरी आणायचं काम तिच्याकडे असे. ती विचारणाऱ्यांतली नव्हती. "उद्यापासून चिमणीला मी आणेन," एवढंच म्हणाली.

"बरं," बाइंडर म्हणाला.

त्यानं भांडण केलं नाही, शपथ घेतली नाही, हेच दोघींना खटकलं. खरा असता तर चिडला असता, लेक म्हणाली. कुठंतरी पाणी मुरतंय. मावशीनं मान हलवली. त्या आठवड्यात तिनं कपाटाच्या मागं पाहिलं, पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं, जुन्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा सोडून पाहिला. सापडलं नाही तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला वाटलं, लपवण्यात तो आता जास्तच हुशार झालाय.

गल्लीतल्या डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तीन महिने त्या घेऊनही फरक नव्हता. शौचाला काळं होतं म्हणून बाइंडरनं विचारलं, तेव्हा गोळ्यांनी तसं होतंच, असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं. त्यामुळे कुणी पुढं विचार केला नाही.

मावशीचं कामच खरं तर पोटांचं होतं. इस्पितळात दुर्बिणीची तपासणी होते त्या खोलीत ती चौदा वर्षं नळ्या धूत होती. एका माणसाच्या पोटातून काढलेली काळी लांब नळी दुसऱ्याच्या पोटात जाण्याआधी तिच्या हातून जायची. आधी ओल्या फडक्यानं पुसायची, मग साबणाचं पाणी आतून ओढायचं, बारीक ब्रश या टोकानं घालून त्या टोकानं काढायचा, कुठं गळते का पाहायचं, औषधात बुडवायची, धुवायची, टांगायची. कोवळे डॉक्टर येत, शिकत, जात. नळ्या आणि मावशी तिथंच. हात चालू असताना तिची नजर पडद्यावर असे. आतून सगळे गुलाबी, ती नव्या परिचारिकांना सांगायची, साहेब काय आणि शिपाई काय. फरक पडतो तो वरच्या कातड्यात. व्रण कुठला आणि साधी सूज कुठली हे तिला डॉक्टर बोलायच्या आधी कळायचं.

आणि तरी नवऱ्याला तिथं न्यायला ती सहा महिने टाळत राहिली. त्याची नेहमीची तपासणीसुद्धा चार वर्षांपासून राहून गेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. यंदा टाळण्याचं कारण मात्र वेगळं होतं. त्या खोलीत ती मान वर करून वावरत होती ती नवऱ्यानं सोडली म्हणून. डॉक्टरबाई नव्या रुग्णांना सांगायच्या, आमच्या मावशींच्या घरचं उदाहरण बघा. ते उदाहरण पडद्यावर उलटं दिसलं तर तोंड कुठं लपवायचं?

शेवटी झालं ते तिच्या हातून झालं नाही. एका सकाळी ती चाव्या घरी विसरली आणि बाइंडर त्या घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी आला. डॉक्टरबाई गाडीतून उतरत होत्या. फाटकाच्या ओट्यावर बसलेला माणूस त्यांना आधी ओळखू आला नाही. मग त्या जवळ गेल्या, आणि तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, अंगठ्यानं त्याच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढून पाहिली.

"मावशी," त्या म्हणाल्या, "यांच्या अंगात रक्तच नाही."

तपासणीत हिमोग्लोबिन सहा निघालं. त्याला लगेच दाखल केलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण घालायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरबाई त्याच्या खाटेशी उभ्या राहिल्या. त्यांनी कागद बंद केला आणि सरळ विचारलं, पुन्हा घेताय का? रागावणार नाही, पण मला खरं कळलं पाहिजे.

"नाही," बाइंडर म्हणाला.

डॉक्टरबाईंनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं फरशीकडे पाहिलं. फरशीवर औषधाचा एक पिवळा डाग होता, तो तिनं नीट पाहून घेतला. मान वर केली तेव्हा नवरा तिच्याकडेच पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बसस्टॉपवर उभं राहून कंटाळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी होतं.

तपासणीच्या वेळी डॉक्टरबाईंनी तिला नळाशी उभं राहू दिलं नाही. तुम्ही डोकं धरा, म्हणाल्या. तिनं त्याच्या घशात बधिर करणारा फवारा मारला, दातांमधे प्लास्टिकचं कडं बसवलं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. चौदा वर्षांत तिनं अशी डोकी धरली नव्हती असं नाही. पण या डोक्याचा मागचा खोलगट भाग तिच्या तळव्याच्या ओळखीचा होता.

नळी अन्ननलिकेतून खाली उतरली. जुन्या कड्यांचे वण दिसले, पांढुरके, वाळलेले. दोन-तीन शिरा थोड्या वर आलेल्या होत्या, पण शांत. कुठं फुटलेलं नव्हतं. मग नळी जठरात शिरली आणि पडद्यावर प्रकाश पसरला.

आतलं अस्तर गुलाबी नव्हतं. सगळीकडे बारीक बारीक तुकडे पडल्यासारखे दिसत होते, प्रत्येक तुकड्याला फिकी पांढरी कड आणि मधे लालसर फुगवटा. सापाची कात उन्हात पसरून ठेवावी तसं. त्या तुकड्यांवर जागोजागी गडद लाल ठिपके होते. डॉक्टरबाईंनी पाण्याची धार सोडली. ठिपके धुऊन निघाले आणि क्षणभरानं पुन्हा ओले झाले. एक, मग दुसरा, मग चार-पाच. धार नव्हती, फुटलेली शीर नव्हती. नुसतं झिरपत होतं.

मावशीनं असं अस्तर पाहिलं होतं, कितीतरी वेळा. यकृत बिघडलेल्या माणसांची पोटं अशीच असतात, हे तिला ठाऊक होतं. पण ते तिला जुन्या जखमेच्या वणासारखं वाटायचं, झालेल्या गोष्टीची नुसती खूण. ते आतल्या आत माणूस रिकामं करतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं.

दुपारी डॉक्टरबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बसवून समजावलं. पोटातलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृताकडे जातं. यकृत निबर झालं की रक्ताला पुढं वाट मिळत नाही, मग ते मागं तुंबतं आणि शिरेतला दाब वाढतो. तो दाब जठराच्या अस्तरातल्या केसासारख्या शिरांवर येतो. त्या फुगतात, त्यांची भिंत पातळ होते आणि थेंब थेंब रक्त बाहेर येत राहतं. दुखत नाही, उलटी होत नाही, काही कळत नाही. माणूस फक्त थकत जातो. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, तोल जातो, बसल्याजागी झोप लागते. नाडी कमी करणारी जी गोळी दाब उतरवते ती मधे कुणीतरी निम्मी केली होती; ती हळूहळू वाढवायची. लोह तोंडानं पुरणार नाही, शिरेतून द्यायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर ते ठिपके दुर्बिणीतूनच भाजून बंद करायचे. पुरतं थांबेलच असं नाही. पण सांभाळता येईल.

बाइंडर ऐकत होता. त्याचा घसा अजून बधिर होता, मधेच तो आवंढा गिळून पाहायचा. मावशीनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारून गेली. नवऱ्यासमोरच.

"मॅडम, हे... दारूनं नाही ना?"

"जुन्या दारूनं. यकृत तेव्हाच गेलं." डॉक्टरबाई थोडं थांबल्या. "अलीकडचं विचारत असाल तर, काल रक्त चढवण्याआधी मी मुद्दाम एक तपासणी पाठवली होती. महिन्याभरात थोडी जरी घेतली असती तरी त्यात कळलं असतं. काही नाही. आणि मागच्या नऊ वर्षांतले आहेत तेवढे कागद मी काढून पाहिले, त्यांतही तशी खूण नाही. माझीही चूक झाली, बाइंडर. मला शंका आली होती."

बाइंडरनं हात जरासा वर केला, असू द्या म्हटल्यासारखा.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. समोरून ढकलगाड्या जात होत्या. मावशीला वाटलं होतं, आता छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. तो नुसता हलला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

"चला, सुटलो म्हणायचं," ती म्हणाली.

त्याचा आवाज घशातून घासत आला.

"दारू असती तर बरं झालं असतं."

"काहीतरीच काय बोलता?"

"सोडता तरी आली असती," तो म्हणाला.

संध्याकाळी मावशी रिपोर्ट घेऊन लेकीकडे गेली. लेकीनं उभ्याउभ्याच तो वाचला, पान उलटलं, मागची कोरी बाजूही पाहिली. मग म्हणाली की यात दारू घेत नव्हते असं कुठं लिहिलंय? जे नाही ते लिहीत नाहीत गं, मावशी म्हणाली, आणि डॉक्टरबाई काय बोलल्या ते तिनं शब्दाला शब्द सांगितलं. लेक आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला, भांडी मात्र वाजत नव्हती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे धुतलेले होते. चिमणीला सध्या मीच आणते, ती म्हणाली. बाबांना रस्त्यात चक्कर आली तर? तिचं म्हणणं बरोबर होतं. कारण बदललं होतं, बाकी होतं तसंच राहिलं होतं. निघताना मात्र तिनं बापासाठी चार मोसंबी पिशवीत घातली, आणि पिशवी देताना आईकडे पाहिलं नाही.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मावशीला घरात कसं वागावं कळेना. धुवायचे कपडे ती हाताच्या अंतरावर धरून बादलीत टाकू लागली. नवऱ्याला पाणी देताना दोन्ही हातांनी देऊ लागली. तो उठायच्या आत चपला पुढं सरकवायची. काही लागतं का, असं दिवसातून दहादा विचारायची. बाइंडर प्रत्येक वेळी "नको" म्हणायचा आणि संकोचल्यासारखा अंग आवरून घ्यायचा. एकमेकांच्या घरी आलेल्या पाहुण्यांसारखी दोघं त्या दोन खोल्यांत वावरत होती. कामावर नळी धुताना ती मनातल्या मनात वाक्यं जुळवायची. माझं चुकलं. नऊ वर्षं मी तुम्हाला... पुढचं वाक्य जुळायचं नाही. नऊ वर्षं हुंगलं, हे कसं म्हणायचं? चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणावं, तर इथं चोरही तोच होता आणि संन्यासीही तोच.

शिरेतून लोहाची दुसरी बाटली द्यायची होती त्या दिवशी तिनं दोन तासांची सुटी घेतली. वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत सहा खाटा होत्या. सकाळचं ऊन खिडकीच्या गजांतून फरशीवर आलं होतं. काळपट तपकिरी औषधाची बाटली बाइंडरच्या डोक्याशी टांगली होती आणि नळीतून औषध त्याच्या हातात उतरत होतं. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. परिचारिका नोंद करून निघून गेली. मावशीनं स्टूल पुढं ओढलं आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"मला तुम्हाला काही सांगायचं होतं."

"थांब," तो म्हणाला. "आधी माझं ऐक. मग तुझं."

ती थांबली.

"चार वर्षांपूर्वी तू बहिणीकडे गेली होतीस. आठ दिवस."

मावशीच्या बोटाभोवतीचा पदर तसाच राहिला.

"त्या आठवड्यातला शनिवार," तो बाटलीकडे पाहत म्हणाला. "मी घेतली होती. घरीच. छापखान्यातला माझा जुना दोस्त आला होता, तो उंचेला. बाटली घेऊन आला. दोन ग्लास घेतले. तेवढं एकदाच. तुला सांगितलं नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी लोखंडी खाट ओढत नेत होतं.

त्या वेळी ती आठ दिवस बहिणीकडे राहिली नव्हती. चौथ्याच दिवशी तिला तिथं अन्न गोड लागेना. घरी तो एकटा, विचारायला कुणी नाही. बहिणीला काहीतरी निमित्त सांगून ती परत आली होती आणि घरी न जाता कामावरच्या एका मैत्रिणीकडे उतरली होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही संध्याकाळी आपल्या घरासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीशी ती उभी राहिली होती. शनिवारी साडेसहाला तो आला, एकटा. घरात एकच दार आणि रस्त्याकडे एकच खिडकी, तिचा पडदा त्यानं ओढला नव्हता. त्यानं भात लावला. जेवताना ताट खिडकीत ठेवून उभ्यानंच जेवला. मग टेबलावर कागद पसरून तो चिमणीच्या पहिल्या वाढदिवसासाठी फोटोंची वही शिवत बसला, सुईत दोरा ओवायला तीनदा दिव्याखाली वाकला. कुणी आलं नाही. साडेनऊला त्यानं दिवा मालवला आणि पायांना मुंग्या आलेली ती जिना उतरली. हे तिनं बहिणीला सांगितलं नव्हतं, लेकीला नाही, कुणालाच नाही. सोमवारी संध्याकाळी हातात पिशवी घेऊन ती बसमधून उतरल्यासारखी दारात उभी राहिली, तेव्हा त्यानं पिशवी घेतली होती आणि म्हणाला होता, दमलीस.

आता तो बाटलीकडेच पाहत होता. खोटं बोलणं त्याला कधीच धड जमलं नव्हतं. सतरा वर्षांच्या सरावानंही जमलं नव्हतं.

"आज का सांगताय?" तिनं विचारलं.

"डॉक्टरबाईंनी मला अगदीच धुतल्या तांदळासारखं केलं," तो म्हणाला. "तेव्हापासून तू दोन्ही हातांनी पाणी देतेस. तू माझ्यापुढं काहीतरी कबूल करत बसशील, याची मला धास्ती वाटते. ते मला झेपायचं नाही. आपलं पहिलंच बरं होतं."

मावशीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत आठवडे किती, शनिवार किती. त्यांतला त्यानं हाच का उचलला, सहज हाताला लागला म्हणून, की त्या संध्याकाळी सुईत दोरा ओवताना त्याची नजर समोरच्या जिन्यावर गेली होती म्हणून? त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. विचारायचं तर आधी जिन्याचं सांगावं लागलं असतं.

"चिडलीस?" त्यानं हळूच विचारलं.

"चिडेन नाही तर काय," ती म्हणाली. तिचा आवाज तिला हवा तितका कडक निघाला. "माझ्या पाठीमागं घरात बाटली आणता, शोभतं का या वयात?"

"चुकलं."

"परत असं कानावर आलं तर बघा."

"नाही यायचं," तो म्हणाला. उशीवर त्यानं डोकं सैल टाकलं. कितीतरी दिवसांत तो तिच्याकडे असा सरळ पाहत पडला नव्हता. थोड्या वेळानं त्याला आठवलं. "आणि तुझं काय होतं? तू काय सांगणार होतीस?"

मावशीनं बाटलीकडे पाहिलं. निम्मं औषध अजून उतरायचं होतं.

"हात किती गार पडलाय तुमचा," ती म्हणाली, आणि चादर त्याच्या कोपरापर्यंत ओढून तिनं आपलाही हात तिथंच, चादरीखाली, राहू दिला.